कवठदऱ्याच्या गावनकाशाची चुकलेली फाईल दुरुस्त न करणेबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख साहेब,
गावनकाशा संगणकीकरण कक्ष (तात्पुरता),
जुन्या धान्य गोदामाची इमारत, बीड.

अर्जदार: श्री. धोंडप्पा केदारनाथ तोडकरी, व्यवसाय किराणा दुकान, रा. मौजे कवठदरा, नांदूरघाटच्या अलीकडे, जि. बीड.

विषय: मौजे कवठदरा येथील गावनकाशाची उलटी झालेली फाईल सुलटी न करता, आहे तशी चुकीचीच संकेतस्थळावर ठेवणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कक्षाची अतिक्रमण काढण्याची नोटीस.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज, ज्यांत नेमकी याच्या उलट मागणी केलेली होती.

महोदय,

१) विषय साहेबांनी दोनदा वाचावा, ही पहिली विनंती. टाईप करणाऱ्याची चूक झालेली नाही आणि अर्जदाराचे डोकेही फिरलेले नाही. अर्जदार धोंडप्पा हा कवठदऱ्याच्या वेशीला लागून किराणा दुकान चालवणारा साधा माणूस असून, गेले वर्षभर त्याने आपल्या कक्षाचे उंबरे झिजवले ते एकाच मागणीसाठी: आमच्या गावाचा नकाशा संगणकावर उलटा चढला आहे, तो सुलटा करून द्यावा. त्या वेळी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. आता मात्र कक्षाने ही गोष्ट मनावर घेतल्याचे पत्र आले आहे. ते पत्र वाचून अर्जदाराच्या पायाखालची जमीन सरकली. साहेबांनी ही गोष्ट कृपा करून मनावर घेऊ नये, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. कारण पुढे सविस्तर लिहिले आहे. लांबण लागली तर माफी असावी, पण मधूनच वाचणे सोडू नये.

२) साहेब नवीन बदलून आले आहेत, गावाला पाय लागलेले नाहीत, म्हणून गाव कसे वसले आहे ते आधी सांगणे भाग आहे. कवठदऱ्याच्या उगवतीला ओढा आहे. ओढ्यापलीकडे काळ्या मातीचा तुकडा आहे, तीच आमची रुद्रभूमी, म्हणजे मेलेल्यांना मातीत ठेवण्याची जागा. मावळतीला उघडा, खडकाळ सरकारी माळ आहे. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही, शेळ्यासुद्धा नाक मुरडतात. मधे गाव. यात समजायला अवघड असे काही नाही. आम्ही वीरशैव लिंगायत मेलेल्या माणसाला जाळत नाही आणि आडवेही करत नाही. मातीत कोनाडा काढून त्यात मांडी घालून बसवतो. डाव्या तळहातावर त्याचे इष्टलिंग ठेवतो, भोवती मीठ, विभूती आणि बेलाची पाने घालतो, आणि माती लोटतो. एकदा बसवलेल्या माणसाला पुन्हा कोणी उठवत नाही. अर्जदाराची पत्नी शिवकन्या ही दोन उन्हाळ्यांपूर्वी कावीळ अंगात मुरून लिंगैक्य झाली आणि तिला ओढ्यापलीकडे बसवण्यात आले. दुकान दोघांनी मिळून उभे केले होते. गिऱ्हाइकाशी बोलायचे तोंड तिला होते, अर्जदार वजन करण्यापुरता. ती गेल्यावर दुकानात माणसे येतात, सामान घेतात आणि गप जातात. हे सरकारी कामाशी संबंधित नाही, पण पुढचे समजायला उपयोगी पडेल.

३) आता नकाशाची गोष्ट. आमच्या गावाचा मूळ नकाशा निजामाच्या अमदानीतला, मेणकापडावर काढलेला, आणि त्यावरची सगळी अक्षरे उर्दूत. असे जुने नकाशे संगणकावर चढवण्याचे काम आपल्या कक्षाने मांजरसुंब्याच्या शुभ्रकमल कॉम्प्युटर सेंटरला दिले होते. हे सेंटर म्हणजे एका ढाब्याच्या माडीवरची खोली. अर्जदाराचा मुलगा अमरनाथ तिथे नोकरीला आहे. त्याने सांगितलेली रीत अशी, की नकाशा स्कॅनरमधून काढला की फाईल फार जड होते आणि आपल्या संकेतस्थळाला ती गिळवत नाही. म्हणून ती फाईल इंटरनेटवरच्या एका पानावर घालायची, कुठल्या प्रकारची पाहिजे ते निवडायचे आणि बटण दाबायचे. टेलिफोनची लाईन तुटली नाही आणि लाईट गेली नाही, तर थोड्या वेळाने दुसऱ्या प्रकारची हलकी फाईल बाहेर येते, गिरणीत ज्वारी टाकून पीठ यावे तशी. त्या पानावर आणखीही चौकटी होत्या. एकीत विचारले होते, की चित्र डावे-उजवे उलटवायचे आहे का. अमरनाथने तिथे बरोबरची खूण केली.

त्याने ती खोडसाळपणे केली नाही, हे साहेबांनी लक्षात घ्यावे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, एवढे त्याला ठाऊक होते. आपल्याला नकाशा मराठीत करायचा आहे, तर तो डावीकडून उजवीकडे करून घ्यायला नको का, असा त्याने हिशेब केला. मग नकाशातल्या ओढ्याच्या, समाध्यांच्या, खडकाच्या खुणा ओळखून त्याने त्यांवर मराठी नावे टाकली आणि उर्दू अक्षरे पुसून टाकली. स्वतःच्याच गावाची रुद्रभूमी मावळतीला गेलेली त्याला दिसली नाही का, असे साहेब विचारतील. दिसली. त्याला वाटले, निजामाचे लोक हैदराबादेकडून बघत असतील, तिकडून बघितल्यावर गाव असेच दिसत असणार. त्यानंतर आपल्या कक्षाने जिल्ह्याच्या सगळ्या नकाशांवर, वरच्या कोपऱ्यात, एकाच जागी उत्तरेचा बाण छापला, आणि फाईलचे पीडीएफ करून टाकले. त्या दिवशी अमरनाथ घरी आला तो फुगूनच. म्हणाला, "अप्पा, उर्दूतला नकाशा मी मराठीत केलाय. साहेबांनी बी काय चूक काढली न्हाई." तेव्हा शिवकन्या हयात होती. तिने त्याच्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली.

४) पुढे हमरस्ता रुंद करायचे काम निघाले. रस्त्याला खडी पाहिजे, खडीला दगड पाहिजे, म्हणून आमचा माळ रस्त्याच्या कंपनीला खाणीसाठी दिला गेला. त्याला गावाची हरकत नव्हती. माळाचा कोणाला काय उपयोग? एके सकाळी मोजणीचे साहेब जीपने आले, महादेवाच्या देवळासमोर उभे राहिले, संकेतस्थळावरून काढलेला नकाशा उलगडला आणि उगवतीकडे चालू लागले. माणसांना वाटले, ओढ्यावर तोंड धुवायला चालले असतील. ते ओढा ओलांडून गेले आणि रुद्रभूमीत खुंट्या ठोकू लागले. कोतवाल सटवा धापा टाकत दुकानात आला, तेव्हा अर्जदार तराजूतली साखर तशीच टाकून पळाला. तिथे जाऊन म्हणाला, "साहेब, ही आमची रुद्रभूमी हाय. माळ तिकडं मागं राहिला." मोजणीचे साहेब म्हणाले, "काका, कागदावर माळ इकडंच हाय." गावातले जुने गृहस्थ बिभीषण तिथेच होते. त्यांना राहवले नाही. ते बोलले, "मग आज सूर्य बी चुकीच्याच बाजूनं उगवला म्हणा की." त्यावर साहेबांनी शांतपणे सांगितले, की सूर्याचे त्यांच्याकडे रेकॉर्ड नाही. आणि कागदावर ही जागा सरकारी खडकाची दिसत असल्यामुळे, गावाने इतकी वर्षे सरकारी जागेत विनापरवाना माणसे पुरली, असाही शेरा त्यांनी मारला. त्यांनी समाध्यांच्या दगडांवरची वाचता आली ती नावे वहीत उतरवून घेतली. शिवकन्येचा दगड नवा होता, त्यामुळे तिचे नाव सगळ्यांत ठळक होते.

५) त्यानंतर अर्जदाराने आपल्या कक्षाकडे अर्ज करण्यास सुरुवात केली. पहिला अर्ज हाताने लिहिलेला होता, म्हणून परत आला. दुसरा टाईप केलेला होता, तर सांगण्यात आले की वर्डची फाईल चालत नाही, पीडीएफ करून आणा. पुरावा म्हणून समाधीचा फोटो जोडला, तर तो वेगळ्याच प्रकारच्या फाईलमध्ये निघाला. तो जेपीजी करून मागितला. म्हणजे नकाशा ज्या पानावर उलटा झाला, त्याच पानावर, त्याच अमरनाथच्या हातून, नकाशाविरुद्धची तक्रारही फिरवून आणावी लागली. एवढे करून फोटो पाहिल्यावर कक्षातील बाई म्हणाल्या, की फोटोत समाधी दिसते, पण दिशा दिसत नाही. आणखी एकदा अर्जदाराला खुर्ची देऊन पडद्यावर कवठदरा दाखवण्यात आला. "हे साऱ्या जगाला असंच दिसतंय, काका. अमेरिकेत बसलेला माणूस बी तुमचं गाव असंच बघतो. मग खरं कुणाचं, जगाचं का तुमचं?" असे बाईंनी विचारले. गावी परतताना एसटीत त्याने स्वतःशीच हाताने दिशा धरून पाहिल्या, आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसला. शेवटी साहेबांच्या आधीच्या साहेबांनी निकाल दिला, की पीडीएफ झाल्यावर कागदात बदल होत नसतो. गावात बदल करायचा असेल, तर तसा स्वतंत्र अर्ज करावा.

६) मग नोटीस निघाली. ती अर्जदाराच्या नावे निघाली असती, तर त्याने काही तरी उत्तर दिले असते. ती निघाली "अतिक्रमणधारक श्रीमती शिवकन्या धोंडप्पा तोडकरी" यांच्या नावे. तिने सरकारी खडकावरील ताबा सोडावा आणि नकाशात रुद्रभूमी म्हणून दाखवलेल्या जागी, म्हणजे मावळतीच्या माळावर, स्थलांतर करावे, असा त्यात हुकूम होता. तसे न केल्यास होणाऱ्या परिणामास ती स्वतः जबाबदार राहील, असेही खाली होते. ही नोटीस बजावायची कशी, या विचाराने सटवा दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून होता. अखेर म्हणाला, "अप्पा, माझ्यावर नाराज होऊ नका. ज्याचं नाव त्यालाच वाचून दाखव, असं वरून सांगितलंय." आणि तो ओढ्यापलीकडे गेला, टोपी काढून समाधीसमोर उभा राहिला, आणि त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत नोटीस वाचून दाखवली.  मग ती समाधीवर चिकटवून आला.

७) अर्जदार हा भित्रा माणूस आहे, हे इथे स्पष्ट लिहिणे बरे. त्याने ठरवले होते की तिला हलवायचे नाही. पण एका सकाळी कंपनीचे मशीन ओढा उतरून आले आणि रुद्रभूमीच्या खालच्या कोपऱ्यात लागले. त्या कोपऱ्यात भिवराबाई नावाच्या वृद्धेची समाधी होती. तिची मुले पुण्याला असतात; त्यांना निरोप पोहोचला नाही, का पोहोचून वेळ मिळाला नाही, देव जाणे. भिवराबाईचे पुढे काय झाले ते अर्जदार लिहू इच्छित नाही. ज्यांनी पाहिले ते त्या दिवशी जेवले नाहीत. मशीन असेच वर सरकत राहिले, तर शिवकन्येपर्यंत यायला फार वेळ लागणार नव्हता.

अर्जदार मठाच्या स्वामींकडे गेला. ते म्हणाले, की शिवात मिळालेल्याला हात लावण्याचा विधी आपल्याकडे नाही. तो विधी त्यांना येत नाही आणि ते शिकणारही नाहीत. मेहुणी नीलाबाई दारात आडवी झाली. "दाजी, तिला कावून उठवायलात? जिती व्हती तवा कधी सुखानं बसू दिलं न्हाई, आता तरी बसू द्या की!" हे तिचे बोलणे खरे होते आणि अर्जदाराच्या काळजाला फार लागले. तरी तो, अमरनाथ आणि बिभीषण असे तिघे गेले. माती काढली. आत कोनाड्यात ती बसलेली होती, म्हणजे जे काही राहिले होते ते बसल्यासारखेच होते. पण हात लावल्यावर बसलेले राहिले नाही. अमरनाथ मोठ्याने रडू लागला आणि बिभीषणांनी त्याला ओढ्याकडे नेले. अर्जदाराने तिला नव्या लुगड्यात घेतले. इष्टलिंग त्याने तिच्या तळहातावर न ठेवता स्वतःच्या खिशात घातले, कारण तळहात आता राहिला नव्हता. गावातून नेताना सगळ्यांनी दारे लावून घेतली होती. माळावर पहारीने खडक फोडून कोनाडा केला. आपल्या कक्षाच्या नोटिशीत नमूद केलेल्या जागेवर, नकाशाप्रमाणे, खुंटी पाहूनच केला. कुठेही नियम मोडलेला नाही.

८) आता एक गोष्ट, जी कोणत्याही अर्जात लिहायची नसते. आमच्याकडे माणसाला उगवतीकडे तोंड करून बसवतात. ओढ्यापलीकडे होती तेव्हा तिची पाठ गावाकडे होती. माळ मावळतीला असल्यामुळे, तिथे उगवतीकडे तोंड केले की ते थेट गावाकडे होते, आणि माळाच्या खाली गावातले पहिले घर म्हणजे अर्जदाराचे दुकान. दुकानाचे दार उघडले की ती जागा समोर दिसते. सुरुवातीला अर्जदार तिकडे बघत नसे. मग बघू लागला. सकाळी फळी काढताना दोन शब्द बोलू लागला, की आज साबणाचा माल आला नाही, आज अमक्याच्या सुनेला मुलगी झाली. नीलाबाईसुद्धा एकदा पायरीवर बसून माळाकडे बघत म्हणाली, की अक्काला आता सगळं दिसत असंल. चूक आपल्या कक्षाची होती, संकटही कक्षानेच आणले, आणि तरीही अर्जदाराला बरे वाटू लागले होते. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

९) तिकडे रुद्रभूमीत कंपनीला दगड लागला नाही. खाली मुरूम आणि काळी माती, माती आणि मुरूम. कंपनीचे लोक आपल्या कक्षात येऊन टेबलावर हात आपटून गेले, असे ऐकतो. त्याच सुमारास मांजरसुंब्याच्या सेंटरमध्ये फिरोज नावाचा फिटर सौदीच्या पासपोर्टसाठी फोटो काढायला आला. लाईट गेलेली होती, म्हणून बसून राहिला. टेबलावर नकाशाची जुनी फाईल छापून पडलेली होती, उर्दू पुसण्याआधीची. ती उचलून तो हसू लागला. अमरनाथला म्हणाला, "ये क्या आरशात लिहिलंय काय बे? सगळी उर्दू उलटी हाय." अमरनाथला तेव्हा प्रथम कळले, की आपण काय केले. तो घरी आला नाही. लाईट आल्याबरोबर त्याने मूळ फाईल पुन्हा त्याच पानावर घातली, त्या चौकटीतली खूण काढली, बटण दाबले, आणि सुलटा नकाशा आपल्या कक्षाकडे पाठवून दिला. सोबत, मागणीने जोर धरावा म्हणून, अर्जदाराचे जुने अर्ज जोडले. ज्या अर्जांना वर्षभर कोणी हात लावला नव्हता, ते कंपनीला दगड पाहिजे असल्यामुळे एका आठवड्यात मंजूर झाले. आईला आता माळावर हलवले आहे, हे अमरनाथला ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. पण आपली चूक एकदाची पुसायची, यापलीकडे त्याला त्या वेळी काही दिसले नाही. तेव्हापासून तो अर्जदारासमोर जेवायला बसत नाही.

१०) कक्षाचे पत्र असे आहे: "आपल्या वारंवारच्या मागणीस अनुसरून सदर गावनकाशा दुरुस्त करण्यात येत असून, मावळतीचा माळ खाणक्षेत्र म्हणून पूर्ववत दर्शवण्यात येईल. सहकार्याबद्दल आभार." म्हणजे आता तिच्यावर सुरुंग लागणार तो अर्जदाराच्याच अर्जावरून, अर्जदाराच्याच सहीने. कक्षात विचारल्यावर कळले, की नवी फाईल साहेबांच्या सहीसाठी थांबली आहे. पण कंपनी सहीसाठी थांबलेली नाही. मशीन ओढा चढून, गावातून, दुकानासमोरून माळावर गेले. माळावर फक्कीने पांढऱ्या रेघा ओढल्या आहेत आणि रेघांच्या टोकांना लाल झेंड्या लावल्या आहेत. झेंड्या रोज पुढे सरकतात. सुरुंगाची भोके पाडणारा सुग्रीव नावाचा इसम दुकानातून तंबाखू नेतो. चांगला माणूस आहे. त्याला सांगितले, तर म्हणाला, "अप्पा, मला दिसतंय की. पण मला दिसून काय उपयोग, कागदावर तिथं काहीच न्हाई." काल सकाळी माळाच्या खालच्या टोकाला पहिला बार झाला. भोंगा वाजला, पाखरे उठली, आणि दुकानातल्या सगळ्या बरण्या एकदम वाजल्या. अर्जदार फळी तशीच टाकून माळाकडे पळाला. झेंडीजवळच्या माणसाने त्याला धरून ठेवले, धूळ बसेपर्यंत सोडले नाही.

११) परत ओढ्यापलीकडे न्या, असे कोणी सुचवील. ती जागा राहिलेली नाही. तिथे मोठा खड्डा आहे, त्यात पाणी साचले आहे आणि म्हशी बसतात. आणि जागा असती, तरी तिला दुसऱ्यांदा उचलणे अर्जदाराला शक्य नाही. पहिल्या वेळी काय हाताला आले ते वर लिहिले आहे. दुसऱ्या वेळी काय येईल? साहेबांनी डोळे मिटून एकदा हे मनात आणावे, मग सही करावी.

१२) म्हणून विनंती अशी, की नव्या फाईलवर सही करू नये. जुनी, चुकलेली, उलटी फाईलच संकेतस्थळावर कायम ठेवावी आणि मावळतीच्या माळाला रुद्रभूमी म्हणावे. अमेरिकेतल्या माणसाला कवठदरा उलटा दिसला, तरी त्याचे काही बिघडत नाही. अर्जदाराचे सगळे जुने अर्ज रद्द समजावेत; त्यांतले म्हणणे खरे होते, पण आता ते अर्जदाराला नको आहे. मुलगा अमरनाथ याच्यावर कोणतीही कारवाई करू नये, त्याला जी व्हायची ती झालेली आहे. आणि यापुढे आमच्या गावाची फाईल कोणत्याही कारणाने, कोणत्याही पानावर, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात घालू नये. गावातली माणसे आता संध्याकाळी एकमेकांना विचारू लागली आहेत, की पुढच्या वेळी बटण दाबल्यावर आपली घरे कुठे निघतील. आजवर मेलेल्यांवर निभावले. अर्जदाराला भीती वाटते. याहून वेगळ्या शब्दांत ते सांगता येत नाही.

उत्तर घरी पाठवू नये. अर्जदार आजपासून माळावर, झेंड्यांच्या आत आहे, आणि सुग्रीवला तसे सांगून ठेवले आहे. सटवाला तिकडे यायचा रस्ता माहीत आहे.

आपली आज्ञा एकदा पाळून बसलेला,

(सही)
धोंडप्पा केदारनाथ तोडकरी
मौजे कवठदरा
दि. १७ फेब्रुवारी २००४

सोबत:
१) अतिक्रमणाच्या नोटिशीची प्रत. मूळ नोटीस समाधीवर चिकटवलेली होती, ती तिच्याबरोबरच गेली.
२) मागणी मंजूर केल्याचे कक्षाचे पत्र, साभार परत.
३) दगड, नग एक. कालच्या बारात उडून शिवकन्येच्या समाधीवर, मधोमध पडला. हा स्कॅन करू नये व कोणत्याही प्रकारच्या फाईलमध्ये घालू नये. साहेबांच्या टेबलावर, सहीच्या कागदाशेजारी, आहे तसाच ठेवावा.